अहो-जाहो

चिमणीनं दार उघडलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी चांगलं ओळखते, कारण ते मीच तिला शिकवलंय. ज्या माणसावर सिनेमा काढलाय तो एडिटिंग रूममध्ये आला, की त्याला आधी चांगली खुर्ची द्यायची, चहा विचारायचा आणि त्यानं तोंड उघडायच्या आत त्याचं कौतुक करून टाकायचं. अर्धा राग तिथेच उतरतो.

"ताई, काय दिसता तुम्ही पडद्यावर!" ती म्हणाली.

"चहा नको," मी म्हणाले. "तो शॉट काढ."

"बसा तरी."

"बसते. पण काढ."

मी आयुष्यभर माहितीपट कापले. दुसऱ्यांची दुखणी, भांडणं, म्हातारपणं असल्याच बिनखिडकीच्या खोल्यांत बसून पाहिली आणि नको तेवढी छाटून टाकली. चिमणी माझ्याकडे शिकायला आली तेव्हा दिवसभर चिवचिवायची, म्हणून हे नाव पडलं. आता ती चांगली भारदस्त बाई झालीय, चष्मा गळ्यात लटकतो, आणि स्वतः सिनेमे काढते. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी तिला तोंडावर म्हणते आणि तिला ते आवडतं. वर्षापूर्वी ती म्हणाली, "ताई, तुमच्या दोघांवरच करू या का? ते जन्मभर कॅमेरा चालवणारे, तुम्ही कापणाऱ्या. आता ते विसरत चाललेत आणि तुम्ही त्यांना सांभाळताय." मी हो म्हणाले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. दुसऱ्यांच्या म्हातारपणावर पोट भरलं, आता आपलं म्हातारपण कोणालातरी पाहावंसं वाटतंय, ह्याचा मोह झाला.

आता त्या मोहाची फळं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा मुलगा इथे येऊन सिनेमा पाहणार होता. त्यानं परवानगीच त्या अटीवर दिली होती, की बाहेर कोणाला दाखवायच्या आधी मला दाखवा. मुलगा दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावतो, त्यामुळे माणसानं तोंड उघडलं की आतलं सगळं आपल्याला दिसतं अशी त्याची समजूत झालीय. मागच्या महिन्यात माझ्या डोळ्याखाली काळंनिळं झालं तेव्हा मी त्याला सांगितलं, कपाटाचं दार लागलं. त्यानं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"आई, कपाटाला बोटं असतात का?"

"तुझ्या कपाटाला नसतील."

तो हसला नाही. शहराबाहेर एक ठिकाण आहे, विसरणाऱ्या माणसांसाठी. वृद्धाश्रम म्हणायची त्याची हिंमत होत नाही, म्हणून तो 'सेंटर' म्हणतो. तिथे त्यानं बापासाठी जागा धरून ठेवली होती. "बाबांनी तुझ्यावर हात उगारला असं एकदा जरी मला कळलं," तो म्हणाला, "तर मी त्यांना दुसऱ्या दिवशी हलवीन. तू आडवी आलीस तरी." पोकळ धमक्या देणाऱ्यांतला तो नाही. बापावर गेलाय.

आणि बापानं हात नुसता उगारला नव्हता, चांगला लगावला होता. तोही चिमणीच्या कॅमेऱ्यासमोर. शॉट राहिला तर नवरा जाणार; शॉट गेला तर नवरा राहणार. हिशेब इतका सरळ होता.

"आधी थोडं बघा," चिमणी म्हणाली आणि माझ्या हो-नाहीची वाट न पाहता तिनं सिनेमा सुरू केला.

पडद्यावर आमचं स्वयंपाकघर आलं. तो टेबलाशी बसलाय आणि चिमणीच्या कॅमेरामनला झापतोय. "खिडकी पाठीमागे घेतोस, मग तोंड काळं येणार नाही का? सरक तिकडे." नाव विसरला, पत्ता विसरला, पण उजेड कुठून येतो ते विसरला नाही. मी त्याच्यापुढे कप ठेवते. तो मान वर करून म्हणतो, "अहो, तुम्ही पण घ्या ना." त्यावर मी कॅमेऱ्याकडे वळते आणि माझी टकळी सुरू होते. "ऐकलंत? उभा जन्म आमचं अरे-तुरे. लग्नाआधी एका युनिटमध्ये कामाला होतो, तेव्हापासून तो माझा 'अरे' आणि मी त्याची 'अगं'. ह्यावरून माझ्या सासूबाई तोंड फिरवायच्या. आणि आता बघा, अहो-जाहो! बायकोला मान हवा असेल तर नवऱ्याला सत्तरी ओलांडू द्यावी." मागे बासरी वाजते. तो माझ्याकडे बघून अदबीनं हसतो.

"इथे लोक हसणार," चिमणी म्हणाली. "मी ह्याच्यावरच सगळा सिनेमा उभा केलाय. नावसुद्धा तेच, 'अहो-जाहो'. सगळं विसरता विसरता माणूस बायकोला मान द्यायला लागतो. गोड आहे ना?"

"गोड आहे. पुढे ने."

तिनं पुढे नेलं. आमची बेडरूम. कॅमेरा दाराबाहेर, पॅसेजमध्ये. माझी वाकलेली पाठ दिसते आणि माझ्या खांद्यावरून त्याचा चेहरा. आत बाथरूममध्ये नळ वाहतोय. मी त्याच्या शर्टाची बटणं काढतेय आणि बोलतेय. "हात वर. शहाणा ना तू? पाणी गार होतंय. आज नाटकं करायची नाहीत हं." मग त्याचा हात येतो. मी भिंतीवर जाऊन आदळते. कॅमेरा हलतो, चिमणी ओरडते, "ताई!" आणि मी गाल धरून, कॅमेऱ्याकडे बघून, चक्क हसते. "काही नाही, काही नाही. आपलेच दात, आपलेच ओठ."

मार खाऊन पाहुण्यांपुढे हसणाऱ्या बायका मी पडद्यावर पुष्कळ पाहिल्यात. मी नेहमी सांगायचे, ते हसू कापू नका, सिनेमा तिथेच आहे. चिमणीनंही कापलं नव्हतं. गुरूची विद्या गुरूला.

"बाथरूममध्ये कॅमेरा येणार नाही असं ठरलं होतं," मी म्हणाले.

"आलाच नाही. ही बेडरूम आहे."

"चिमणे, वकिली करू नकोस."

"ताई, वर्षभर मी तुमच्या घरात आहे. तुम्ही हसताय, स्वयंपाक करताय, त्यांना गाणी लावून देताय, सगळं आहे. हे एवढं काढलं तर सिनेमा खोटा होईल. सांभाळणं म्हणजे नुसती गंमत, असं लोकांना वाटेल. ज्या बायका घरोघरी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातायत..."

"त्यांचं सोड. माझ्या नवऱ्याला उद्या उचलून नेतील."

पण तिचा हात काही की-बोर्डवर गेला नाही.

मग मी दुसरा डाव काढला. तो मी घरून निघतानाच ठरवून आणला होता. रडून-भेकून कुठला शॉट निघत नाही, त्याच्यात खोट दाखवली की निघतो. किती दिग्दर्शकांचे लाडके शॉट मी असे उडवलेत! फोकस गेलाय म्हणायचं, आवाज खराब आहे म्हणायचं. माणसं प्रेमापुढे हटून बसतात, पण खरखरीपुढे मान तुकवतात.

"हा आवाज कोणी घेणार नाही," मी म्हणाले.

"का?"

"त्याच्या कॉलरला माइक होता. तो काढायचा विसरून मी तसाच शर्ट काढायला घेतला." हे मात्र खरं होतं, आणि लाज वाटण्यासारखं होतं. जन्म ह्या धंद्यात गेला आणि माइक न काढता मी माणसाच्या शर्टाला हात घातला. "प्रत्येक बटणाला कापड घासलं असणार."

"घासलंय ना. म्हणून तो ट्रॅक मी बंदच ठेवलाय. सुरुवातीलाच कान किटले, पुढे ऐकलासुद्धा नाही. हा कॅमेऱ्यावरच्या माइकचा आवाज आहे."

"ह्यात नळ वाहतोय."

"तेवढं चालतं, ताई."

"चालत नाही. कॉलरचा ट्रॅक काढ आणि मला ऐकव. मग तूच सांग, ह्या दोन्हींतलं काय लावणार आहेस."

तिनं सुस्कारा सोडून हेडफोन माझ्यापुढे सरकवला. माझा डावा कान कामातून गेलाय, त्यामुळे मी आवाज वाढवून घेतला.

खरखर होती. भरपूर होती. मला बरं वाटलं. पहिलं बटण, खरखर. माझाच आवाज, लांबून आल्यासारखा, "हात वर." आणि मग अगदी कानाशी, कोणी हेडफोनच्या आत बसून बोलावं तसा, त्याचा आवाज आला.

"अहो... राहू द्या."

खरखर.

"मी करतो माझं. अहो बाई..."

"शहाणा ना तू? पाणी गार होतंय."

"असं नका करू. माझी बायको यायची वेळ झालीय."

मी थांबवलं. चिमणी काहीतरी विचारत होती. मी हात वर करून तिला गप्प केलं आणि पुन्हा सुरू केलं.

"तिनं पाहिलं तर काय वाटेल तिला? ती फार तापट आहे हो. माझी धडगत नाही." पुन्हा खरखर, आणि मग इतक्या हळू, की माझ्या चांगल्या कानालाही जेमतेम ऐकू आलं, "जा ना तुम्ही घरी."

मग धप्पकन आवाज झाला.

तेव्हा कुठे मी पडद्यावर त्याचा चेहरा पाहिला. मघाशी मी हाताकडे बघत होते. रोज सकाळी मी बटणांकडे बघते, बादलीकडे बघते, घड्याळाकडे बघते. चेहऱ्याकडे बघायला चिमणीचा कॅमेरा पॅसेजमध्ये उभा होता, मी नव्हते. त्या चेहऱ्यावर राग नव्हताच. तो घाबरला होता. एका हातानं कॉलर घट्ट धरून दाराकडे बघत होता, कोणी येतंय का म्हणून. आणि मी बोलत होते. मी नेहमीच बोलत असते.

'तापट' ऐकून आधी मला हसू फुटलं. खरंच फुटलं. मग कळलं की माझ्याशी इमान राखायला त्यानं मला मारलं होतं. ह्या वयात एवढं प्रेम कोणाच्या वाट्याला येतं? पण ते माझ्या वाट्याला आलंच नव्हतं, ते त्या यायची वेळ झालेल्या बाईसाठी राखून ठेवलेलं होतं. मला तिचा हेवा वाटला. आणि जी बाई रोज सकाळी त्याचे कपडे ओढत होती तिची इतकी शिसारी आली, की मी हेडफोन ओढून काढला आणि टेबलावर टाकला.

चिमणीनं तो उचलून कानाला लावला. तिनं पूर्ण ऐकलं. तिचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे ते 'अहो'..." ती म्हणाली.

"मान नव्हता. अनोळखी बाईला कोणी 'अगं' म्हणतं का?"

तिनं हेडफोन खाली ठेवला. "ताई, मी तिथे बासरी लावलीय हो."

मागच्या हिवाळ्यात त्यानं मला पहिल्यांदा 'अहो' म्हटलं होतं. मी ते शेजारीपाजारी सांगत सुटले, फोनवर सुनेला सांगितलं, ह्या चिमणीला सांगितलं. ज्या दिवशी मी नवऱ्याच्या लेखी परकी झाले, तो दिवस मी हसून साजरा केला होता.

"काय करू?" चिमणी म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं. आता मी वाद घालणार नाही."

"काढ."

"नक्की?"

"तो फटका एक वेळ मुलाला समजावता येईल. हे नाही येणार. काढ म्हणते ना!"

तिनं काढला. शॉट उडाला आणि पुढचा शॉट सरकून त्याच्या जागी येऊन बसला. मधे काही होतं असं कोणाला वाटणारही नाही. मला हवं ते मिळालं होतं, आणि मला घरी जायची भीती वाटत होती.

मी बाहेर गेले की खालचा सलूनवाला वर येऊन माझ्या नवऱ्याजवळ बसतो. मी पोचले तेव्हा तो त्याची दाढी करत होता. त्यानं टॉवेल खोचायला शर्टाची वरची दोन बटणं काढली, आणि माझा नवरा नुसता बसून होता. उलट त्यानं हनुवटी उचलून गळा पुढे केला. वस्तरा गळ्यावरून फिरत होता आणि त्याचे डोळे मिटलेले होते. मी दारातच थांबले. माझ्या हाताखाली तो इतका निवांत बसलेला मला आठवेना.

सलूनवाला गेल्यावर मी नेहमीसारखी पलंगावर त्याच्या शेजारी बसले नाही. समोरची खुर्ची घेतली. मी कोण, असं मी त्याला कधी विचारलं नव्हतं. परीक्षा घेऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ते मी लगेच मानलं होतं. डॉक्टरांचं दुसरं काहीही मी इतकं चटकन मानलेलं नाही. चोराच्या मनात चांदणं.

"अहो," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मी त्याला 'अहो' म्हणाले. "तुमच्या मिसेस कुठे गेल्यात?"

तो सावरून बसला. कोणीतरी शेवटी कामाचं बोललं, असा त्याचा चेहरा झाला. "कामाला गेलीय. येईल इतक्यात."

"काय काम करतात?"

"कापते." त्यानं दोन बोटांची कात्री करून दाखवली. "मी उन्हातान्हात मरमर करून शॉट काढायचा, आणि हिनं तो एका फटक्यात उडवायचा. अशी भांडणं होतात! सगळं युनिट बाहेर जाऊन उभं राहतं." मग तो पुढे वाकला. "पण बरोबर असतं तिचं. तिला सांगू नका."

उभ्या संसारात हे वाक्य त्यानं माझ्या कानावर पडू दिलं नव्हतं. अरे मेल्या, मीच ती, असं अगदी ओठांवर आलं माझ्या. मी खुर्चीवरून पुढे सरकले. सरकले मात्र, त्याचा हात कॉलरशी गेला.

मी परत मागे टेकून बसले.

"आणि त्या नसतात तेव्हा तुमच्याजवळ कोण असतं?"

त्यानं दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "एक बाई येतात. तशा चांगल्या आहेत, जेवण बरं करतात. पण अंगाला हात लावतात हो. सकाळी कपडे..." तो थांबला. ह्या वयातही त्याला लाज वाटली. "आणि रात्री घरी जात नाहीत. इथेच, शेजारच्या कॉटवर झोपतात. मी आपला डोळे मिटून पडून राहतो. झोप कशी लागणार? ही आली आणि हिनं पाहिलं म्हणजे?"

"त्यांना सांगितलंत का तसं?"

"किती वेळा. ऐकतच नाहीत. बोलत सुटतात." तो माझ्याकडे आशेनं बघत होता. "तुम्ही सांगाल का त्यांना? तुमचं ऐकतील."

"सांगते," मी म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले, दार लोटून घेतलं आणि तोंडात पदर कोंबून रडले. तोही त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. परकी बाई घरात रडायला लागली तर त्यानं काय करावं?

मग मी चिमणीला फोन लावला. "तो शॉट परत लाव. कॉलरच्या आवाजासकट."

"ताई..."

"आणि ती बासरी काढ."

"तिथली?"

"सगळीकडची."

त्या रात्री मी बाहेरच्या खोलीत झोपले. सकाळी आंघोळीसाठी सलूनवाल्याला हाक मारली. त्यानं दार लावून घेतलं आणि आतून एकदाही आरडाओरडा आला नाही. पण रोज दुकान सोडून यायला जमणार नाही, हे त्यानंच हात पुसता पुसता सांगितलं. आणि रोज जमलं असतं तरी रात्रीचं काय? ह्या घरात मी होते तोवर त्याला झोप नव्हती.

मुलगा वेळेवर आला. चिमणीनं चहा विचारला, तो नको म्हणाला. हाताची घडी घालून तो पडद्यासमोर बसला आणि मी त्याच्या शेजारी. स्वयंपाकघराचा भाग आला. "अहो, तुम्ही पण घ्या ना." बासरी नव्हती. माझी बडबड सुरू झाली आणि खोलीत कोणी हसलं नाही. एक बाई एकटीच कॅमेऱ्याकडे बघून विनोद करत होती आणि तिच्यामागे एक म्हातारा शेजारधर्म पाळल्यासारखा हसत होता.

मग बेडरूम आली. खरखर सगळ्या खोलीत घुमली. "माझी बायको यायची वेळ झालीय," हे आलं तेव्हा मुलानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडेच बघत राहिले. "ती फार तापट आहे हो." त्याच्या हाताची घडी सुटली. फटका बसला तेव्हा तो अर्धवट उठला आणि पडद्यावरची मी हसले तेव्हा परत खाली बसला.

चिमणीनं थांबवलं.

"कपाट म्हणालीस," तो म्हणाला.

"फटका तुझ्यापासून लपवला. बाकीचं माझ्यापासूनच लपलं होतं. परवापर्यंत मला माहीत नव्हतं... परवा कुठलं, कालच."

तो महिनाभराचं भांडण तयार करून आला होता, ते त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. आता ते कुठे ठेवावं त्याला कळेना.

"तुझ्या त्या सेंटरमध्ये," मी विचारलं, "आंघोळ कोण घालतं?"

"अटेंडंट असतात."

"पुरुष?"

"पुरुषांना पुरुषच."

"आणि रात्री खोलीत?"

"तेच. पण आई, तू तर..."

"घेऊन जा त्याला. ह्याच आठवड्यात."

इतके दिवस हेच ऐकायला तो धडपडत होता. लोकांच्या हिरडीत सुई घालताना ज्याचा हात हलत नाही तो माझा मुलगा, मांडीवर पालथे हात ठेवून लहानपणीसारखा रडायला लागला. "थोडे दिवस थांबू या का?" तो म्हणाला. "मी येतो सकाळचा. आधी मी घालीन आंघोळ, मग दवाखान्यात जाईन."

"आणि रात्री मी कुठे जाऊ?"

त्यानं मनगटानं डोळे पुसले.

"त्याला झोप लागत नाहीये रे," मी म्हणाले. "माझ्यामुळे."

चिमणी मान खाली घालून बसली होती. कॅमेरा नव्हता तिच्या हातात, हे तिचं नशीब. असता तर तिनं हेही घेतलं असतं, आणि बरोबर केलं असतं.

आता मी दुपारची त्याला भेटायला जाते. तिथल्या व्हरांड्यात एक लांब बाक आहे, समोर फाटक. काल गेले तेव्हा त्याची आंघोळ झालेली होती. केस ओले, शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. डोळ्यांखालची सूज उतरलीय. अटेंडंट म्हणाला, रात्रभर छान झोपतात.

त्यानं मला पायऱ्या चढताना पाहिलं आणि थोडा उठल्यासारखा झाला. "कोणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच."

"हो? या, बसा ना."

मी त्याच्या शेजारी बसायला गेले, तर त्यानं घाईनं बाकावर तळहात ठेवला.

"इथे नको हं," तो ओशाळून म्हणाला. "ही जागा तिची आहे. येईलच ती आता."

मी तेवढी जागा सोडून बाकाच्या टोकाला बसले. "उशीर झालाय का त्यांना?"

"होतो कधीकधी," तो म्हणाला. "पण येते."

मग आम्ही दोघंही फाटकाकडे बघत तिची वाट पाहत बसलो.